वाळूतली विहीर

लेओनीने लोखंडी कठड्याच्या दोन गजांमधून हात घातला आणि झऱ्याकाठचा चिखल बोटांनी चाचपला. वरचा पापुद्रा सुकून कुरकुरीत झाला होता. त्यावर ना घोड्याची टाप, ना हरणाचा खूर. कुणी सारवून ठेवावा तसा सपाट.

"आजही नाही," ती म्हणाली.

"दिसतंय मला," झुडपामागून तिचा धाकटा भाऊ पेलो म्हणाला. तो पालथ्या बादलीवर बसला होता आणि सापळ्याच्या फाटकाची दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती. "डोळे आहेत मला."

"डोळे असून काय उपयोग? तीन दिवस झाले, एक शिंगरू आलं नाही. गावात लोक विचारतायत, पेलो घोडे धरायला गेलाय की मासे?"

"विचारू देत."

लेओनीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. पेलो इरिबार्नेला कुणी असं बोलावं आणि त्याने ते मुकाट ऐकून घ्यावं, हे नवीनच होतं. अख्ख्या उत्तर नेवाडात मोकाट घोडे धरावेत तर पेलोने. सरकारी खातं दर उन्हाळ्यात त्यालाच बोलावत असे. हेलिकॉप्टर नाही, पाठलाग नाही. दुष्काळात उरलेलं शेवटचं पाणी हेरायचं, त्याभोवती कठडे उभे करायचे, एक फाटक उघडं ठेवायचं आणि दोरी धरून गप्प बसायचं. "मी कुठे घोडे धरतो? तहान धरते," असं तो दारूच्या गुत्त्यावर सांगत असे आणि लोक हसत असत. पण पाण्यावर बसून तो रिकाम्या हाताने कधी परतला नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि या खेपेचा सापळा तर बहिणीच्याच मागणीवरून लागला होता. बाप गेल्यावर मेंढ्या विकल्या, थोडी गुरं उरली. पण लेओनीचा जीव अडकला होता तो या खोऱ्यातल्या हरणांत. दुबेळकी शिंगांची, पांढऱ्या ढुंगणाची ही हरणं वाऱ्याला मागे टाकतात. मागच्या दुष्काळात घोड्यांनी झरा दिवसदिवस अडवून धरला होता. त्यांच्या म्होरक्याने, त्या काळ्या वळूघोड्याने, एकाही हरणीला जवळ फिरकू दिलं नाही. पाणी समोर दिसत असताना उतारावर मरून पडलेली दोन पाडसं लेओनीने स्वतः पुरली होती. तेव्हापासून तिने खात्याचे उंबरे झिजवले. तीन वर्षं. शेवटी घोडे हलवायचा हुकूम आला त्या दिवशी तिने लोखंडी भांड्यात मोठा पाव भाजला आणि पेलोला जेवायला बोलावलं.

"वेंडेल दुपारी येतोय," ती म्हणाली. वेंडेल खात्याचा माणूस. "मुदत आज संध्याकाळपर्यंतच आहे, माहितीये ना? नंतर कठडे पलीकडच्या खोऱ्यात जाणार."

"माहितीये."

"मग माग काढ ना घोड्यांचा! पितायत कुठे ते?"

"जमीन टणक आहे. माग लागत नाही."

हरवलेली मेंढी उघड्या खडकावरून शोधून आणणारा माणूस हा. साठी आली, नजर गेली असेल, असं मनात येऊन लेओनीला वाईट वाटलं आणि तिने जीभ आवरली. ती मागे वळली, आणि वळताना तिची नजर कठड्यांवर गेली. माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, एकाला एक बोल्टाने जोडलेले, झऱ्याभोवती गोल. तीन दिवस ती ते बघत होती. आत्ता पहिल्यांदा ते तिला दिसले.

ही हरणं वाऱ्यासारखी पळतात, पण उडी मारत नाहीत. कुंपण आलं की खालून सरपटून जातात, नाहीतर उभी राहतात. अरुंद फाटकातून तर ती मेली तरी जाणार नाहीत. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. तिने आणि पेलोने खांद्याला खांदा लावून हे कठडे उभे केले, खालचा गज जमिनीला टेकवला, वर एकमेकांना शाबासकी दिली. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

"पेलो," ती म्हणाली. "हरणं कुठे पितायत?"

पेलोने दोरीचा वेढा सोडला, पुन्हा घातला. "पित असतील कुठेतरी."

"कुठेतरी? अरे, डोंगरापर्यंत दुसरा थेंब नाही! हरणांसाठी केलं ना हे सगळं? आणि त्यांचंच पाणी तोडून बसलोय आपण. पाडसं आहेत त्यांची!"

"लेओनी, बस जरा. कॉफी पी. ऊन चढलं की—"

"कॉफी तू पी."

ती तरातरा निघाली. पेलोच्या पिकअपला वळसा घालून गेली. पिकअपच्या मागच्या हुकात सेजची, रानभर माजलेल्या त्या करड्या झुडपाची, एक फांदी अडकली होती; रानात गाडी घातली की असं काहीबाही अडकतंच. लेओनीने आपली गाडी चालू केली आणि मग लगेच बंद केली. जायचं कुठे? खोरं काय परसदार होतं?

ती टपावर चढून उभी राहिली. सूर्य नुकताच डोंगराच्या वर आला होता. बाप म्हणायचा, पाणी हरवलं तर जमिनीकडे बघू नका, होल्यांकडे बघा. दाणे टिपायला जाणारा होला इकडे तिकडे करत जातो. पाण्याला जाणारा होला सुतासारखा सरळ जातो. लेओनीने डोळ्यांवर हाताची झापड धरली. बराच वेळ काही नाही. मग दोन होले, जमिनीलगत, सरळ. त्यांच्यामागे आणखी तीन. सगळे पश्चिमेला, कोरड्या ओढ्याकडे.

कोरड्या ओढ्याकडे! तिथे तर तिच्या जन्मापासून पाणी नव्हतं.

तिने गाडी अशी हाणली की मागे ठेवलेलं फावडं दोनदा उडून आपटलं. ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडाशी ती उतरली आणि चालत निघाली. काठावरची वाळू पांढरी होती, अभ्रकाने चमचमणारी, आणि तिच्यावर लांबच लांब बारीक रेघा उठल्या होत्या. वाराही काय काय कोरतो, असं म्हणून ती त्या ओलांडून गेली. टेकाडाच्या माथ्याशी मात्र ती पोटावर आडवी झाली, कारण खालून आवाज येत होता. खर्र, खर्र. थांबून पुन्हा खर्र.

तिने डोकं वर काढलं.

ओढ्याच्या पात्रात एक करडी घोडी पुढच्या पायाने वाळू उपसत होती. पाय असा चालत होता जसा विहीर खणणाऱ्याचा हात. ढेकळं तिच्या पोटाखालून मागे उडत होती. खड्डा एवढा झाला होता की ती मान घाली तेव्हा खांद्यापर्यंत दिसेनाशी होई. तिने मान वर काढली तेव्हा नाकावरून पाणी ठिबकत होतं.

लेओनीने तोंडात मूठ घातली, नाहीतर ती ओरडली असती.

बाकीचे घोडे भोवती उभे होते, आपापल्या पाळीची वाट बघत. काळा म्होरक्या कान मागे पाडून फेऱ्या घालत होता. आणि पलीकडच्या काठावर, घोड्यांपासून दगड फेकला तर पोचेल एवढ्यावर, तिची हरणं होती. सगळी होती. उजव्या कानाला चीर पडलेली म्हातारी हरणी होती. तिची दोन पाडसं होती. दुसरीचं एक होतं. लेओनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्याच वेळी तिला इतकं हसू येत होतं की पोट वाळूवर हिंदकळत होतं.

एका तरुण हरणीने घाई केली. ती काठ उतरली तसा काळ्याने मान खाली घालून तिच्यावर चाल केली आणि ती पांढरं ढुंगण फुलवून पळाली. "मेल्या, तुझा स्वभाव जायचा नाही," लेओनी पुटपुटली. झऱ्यावर हे घोडे वाईटच. त्यात ती चुकली नव्हती, हे तिने स्वतःला बजावलं. पण घोडे पिऊन झाले आणि सावकाश वर निघून गेले. तसा म्हातारीने पाय टाकला. ती खड्ड्याच्या काठाशी गेली, पुढचे गुडघे टेकून आत वाकली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पाडसं वाकली. त्यांच्यामागे होले उतरले. मग झुडपांतून एक रानकोंबडी पिल्लं घेऊन आली, अंगणात आल्यासारखी. घोड्यांनी खणलेल्या विहिरीवर सगळं खोरं पाणी भरत होतं!

सगळे पांगेपर्यंत ऊन डोक्यावर आलं; मग लेओनी घसरतच खाली गेली. खड्ड्याच्या तळाशी परातभर पाणी होतं, गढूळ आणि गार. तिने गुडघे टेकले, ओंजळीने प्यायली, तोंडावर मारलं. उठली ती ओल्या वाळूने गुडघ्यापासून छातीपर्यंत माखून, आणि गाडीकडे पळत सुटली. पेलोला सांगायचं! केव्हा एकदा सांगते असं झालं होतं तिला. पेलो, अरे ऐक, त्यांनी विहीर खणली, त्या टवळ्या घोडीने—

अर्ध्या वाटेवर तिला दूर रस्त्यावर धूळ दिसली. वेंडेलची पांढरी गाडी.

लेओनीने ब्रेक मारला.

सापळा पाण्यावर लागतो. पाणी कुठे आहे हे कळलं की कठडे तिथे जाणार. दुपारी हलवले तर संध्याकाळच्या आत ती करडी घोडी गजांच्या आत असणार, कारण पेलोच्या हातची दोरी कधी चुकत नाही. घोडे गेले की विहीर दोन दिवसांत वाळूने बुजणार. हुकूम मागे घ्या म्हणावं? तो मिळवायला तीन वर्षं लागली होती, मागे घ्यायला काय तीन तास लागणार होते? आणि पेलोला तरी कसं सांगायचं? त्याचं नाव आज पणाला लागलं होतं. भावाला घोड्यांचा ठावठिकाणा सांगून वर 'धरू नकोस' म्हणायचं, म्हणजे जेवायला वाढून हात बांधण्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदा ती पेलोशी खोटं बोलणार होती, आणि तेही ज्या गोष्टीने ती आनंदाने फुटायला आली होती त्या गोष्टीबद्दल.

ती पोचली तेव्हा वेंडेल टोपीने मान पुसत उभा होता. भला माणूस, तिचे अर्ज वरपर्यंत त्यानेच ढकलले होते. पेलो त्याला कपात कॉफी ओतून देत होता.

"लेओनी, या," वेंडेल म्हणाला. "पेलोला तेच म्हणत होतो. हुकुमाची मुदत सूर्य बुडेपर्यंत आहे. घोडे पितायत कुठे हे कळलं तर आत्ता कठडे हलवू, माझी माणसं तयार आहेत. नाही कळलं तर हे खोरं यंदा सोडून द्यावं लागेल. पुन्हा मागणी, पुन्हा पाहणी. तुमची एवढ्या वर्षांची मेहनत आहे, म्हणून विचारतो. पेलो, काही पत्ता?"

पेलोने कॉफीचा डबा बंद केला, झाकण नीट फिरवलं.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही सापडलं."

एवढंच. ना जमिनीला दोष, ना वाऱ्याला. सबंध हयातीत जे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते त्याने कॉफीत साखर किती, असं सांगावं तसं सांगितलं. आज संध्याकाळी गुत्त्यावर त्याची रेवडी उडणार होती आणि पुढची कित्येक वर्षं उडत राहणार होती. लेओनीला त्याच्याकडे बघवेना.

"आणि तुम्हाला?" वेंडेल तिच्याकडे वळला. "तुम्ही आत्ता फिरून आलात ना? घोडे राहू देत, हरणं तरी दिसली का?"

"नाही," लेओनी म्हणाली. "काहीच नाही."

"अरेरे. त्यांच्यासाठीच तर—" वेंडेल बोलता बोलता थांबला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरू लागली. त्या नजरेबरोबर लेओनीनेही खाली पाहिलं. गुडघे ओले होते. शर्ट पुढून ओला होता. त्यावर अभ्रकाची वाळू चिकटून लखलख करत होती. जुलै महिन्यात या खोऱ्यात पाण्यात गेल्याशिवाय माणूस ओला होत नाही.

"घे गं, कॉफी घे," म्हणत पेलो मध्ये आला. पायात दोरी अडकल्यासारखा तो अडखळला आणि भरलेला कप सगळाच्या सगळा तिच्या अंगावर रिकामा झाला.

"आई गं! आंधळ्या!"

"अगं चुकून, चुकून!" पेलोने गळ्यातला रुमाल काढला आणि तिच्या शर्टावरून, गुडघ्यांवरून असा खसाखसा फिरवला की वाळू आणि कॉफी एक झाली. "म्हातारा झालो, वेंडेल. बघतोयस ना? हातात कप राहत नाही, घोडे कुठले राहतायत?"

वेंडेल हसला. मग तो त्या दोघांकडे जरा वेळ बघत राहिला, आणि टोपी डोक्यावर चढवून म्हणाला, "ठीक आहे. खोलून ठेवा कठडे. माणसं पाच वाजता न्यायला येतील."

त्याची धूळ दिसेनाशी होईपर्यंत बहीणभाऊ शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांकडे न बघता. मग पेलोने पाना घेतला आणि पहिला बोल्ट सोडवायला वाकला. लेओनीने दुसऱ्या टोकाने कठडा उचलून धरला. लोखंड तापलं होतं.

"कठडे गेले की इथे तारेचं कुंपण घालू," पेलो बोल्टाशी बोलावं तसं म्हणाला. "खालची तार हातभर वर ठेवायची. खालून सरपटून येणारे येतील. उंच मानेचे येणार नाहीत."

"त्यांना काय गरज आहे यायची?" लेओनी म्हणाली, आणि जीभ चावली.

पेलो एक पाऊल बाजूला सरकला. पुढचा बोल्ट सोडवू लागला.

पहिला कठडा गाडीत टाकायला ती पिकअपच्या मागे गेली. हुकातली फांदी अजून तिथेच होती. सकाळी ती अडकलेली वाटली होती. आता जवळून दिसलं की ती सुंभाने बांधलेली आहे, दुहेरी गाठीने, बापाने शिकवलेल्या. तिची पानं झडून गेली होती. काड्यांची टोकं झिजून झाडूसारखी झाली होती आणि त्यांच्या बेचक्यांत पांढरी वाळू चमकत होती.

लेओनी फांदीला हात लावून उभी राहिली. तीन दिवस. तीन दिवस हा बादलीवर बसून माझे टोमणे खात होता.

ती हसली नाही, रडलीही नाही. दोन्ही सकाळीच करून झालं होतं. तिने खिशातला चाकू काढला, समोरच्या सेजच्या झुडपातली दाट पानांची एक मोठी फांदी कापली आणि ओढत आपल्या गाडीपाशी नेली. तिच्या चाकांचा माग थेट ओढ्यापर्यंत गेला होता, आंधळ्यालाही दिसावा असा.

"पेलो, दोरी दे."

कशाला, असं त्याने विचारलं नाही. फाटकाला बांधलेली आपली दोरी सोडली, गुंडाळी केली आणि आणून तिच्या हातात दिली. ती फांदी बांधत असताना तो पाना हातात घेऊन बघत राहिला.

"हळू चालव," तो म्हणाला. "जोरात नेलीस की रेघा उठतात."